एफआय गाडीचं मिसिंग

"आहे. अजून मिसिंग मारतेय," केरबा म्हणाला आणि त्याने स्क्रूड्रायव्हर कानावरून खाली घेतला.

पंचशीलाने हेल्मेट पुन्हा बाकावर ठेवलं. आपली गाडी न्यायला ती तिसऱ्यांदा आली होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटांची काळजी घेणारी नर्स ती, आणि निम्मे पेशंट डोंगरी गावाच्या बाजूला. तीन दिवस बिचारी बसची वाट बघत उभी राहत होती.

"काका, मला तर एकदम मस्त वाटतेय गाडी."

"तुम्हाला वाटणारच, ताई. तुम्ही वरवरचं ऐकता."

हे तो उर्मटपणे बोलला नाही. त्याच्यात उर्मटपणा करण्याइतकीही ताकद नव्हती.

गाडी तेरा वर्षांची, एफआयची, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवर चालणारी. गॅरेजमध्ये आली तेव्हा खरंच हाल होते. सिग्नलला धडधडायची, मध्येच बंद पडायची, पिकअप म्हणून घ्यायची नाही. केरबाने इंजेक्टर साफ केला, थ्रॉटल बॉडी धुतली, पेट्रोलचा फिल्टर बदलला. शेवटी एका सेन्सरच्या पिनांवर हिरवा थर सापडला. खाडीकडची खारी हवा, दुसरं काय. पिना घासून बसवल्या आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. दुसरा कोणी असता तर तिथेच हात धुऊन मोकळा झाला असता.

पण गाडी सोडण्याआधी केरबा एकदा ऐकायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. भाईंदर पश्चिमेला त्याचं जे काही नाव होतं, ते या कानाचं. कार्बोरेटरच्या काळात वरसाव्याहून लोक टेम्पोत गाड्या घालून त्याच्याकडे आणायचे, आणि तो काही न उघडता कुठे दुखतंय ते सांगायचा. तर त्या कानाला इंजिनाच्या आवाजामागे काहीतरी लागलं. चार ठोके नीट. एक गाळला. दोन नीट. पुन्हा एक गाळला. हेच ते मिसिंग.

झालं. त्याने सगळं परत उघडलं. प्लग नवा टाकला, कॉइल नवी टाकली, वायरिंग बोट फिरवून इंच इंच तपासलं. मिसिंग जाईना. मग त्याने ते केलं जे कधी केलं नव्हतं. गाडी घेऊन मेन रोडवरच्या रोहितकडे गेला. रोहित एकेकाळी त्याच्याच हाताखाली काम शिकलेला. आता त्याच्याकडे स्कॅनर होता. स्कॅनरने एकही फॉल्ट दाखवला नाही.

"गाडी ओके आहे, काका," रोहित म्हणाला. "तुम्ही घरी जाऊन जरा झोपा."

चेष्टा केली असती तर चाललं असतं. पोरगा मनापासून बोलला, ते केरबाला जास्त लागलं.

आणि झोप कुठली? गेले कित्येक दिवस त्याच्या अंगात त्राणच नव्हतं. उकिडवं बसल्यावर उठायला गाडीचा आधार लागायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचेपर्यंत तो दोनदा थांबायचा. बायको, सरोजा, डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागलेली. तो म्हणायचा, "ही गाडी एकदा जाऊ दे. हिने जीव खाल्लाय माझा." मनात त्याने ठरवलंही होतं. हे मिसिंग सापडलं नाही तर शटर ओढायचं, कायमचं. त्याला मनातून लाज वाटत होती. कानच खोटं बोलायला लागला तर गॅरेज कशाच्या जोरावर चालवायचं?

"द्या बघू इकडे," पंचशीला म्हणाली.

तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, तो दाखवत होता तिथे टोक टेकवलं आणि मूठ कानाला लावली. दुपार होती, रस्त्यावर फारशी वर्दळ नव्हती. तिने बराच वेळ ऐकलं. रोज दहा-वीस माणसांचे ठोके ऐकणारी बाई ती, ऐकायची सवय होतीच.

"एकसारखं चाललंय, काका. काही चुकत नाहीये."

केरबाने स्क्रूड्रायव्हर परत घेतला. डोळे मिटले. "हे बघा, आत्ता. आणि हे परत."

"मला नाही कळत. कधी चुकतंय ते बोटाने दाखवा."

केरबाचं काळं पडलेलं बोट पेट्रोलच्या टाकीवर वाजायला लागलं. टक, टक, टक. थांबलं. टक, टक. पुन्हा थांबलं. पंचशीला आधी बोटाकडे बघत होती. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. कपाळावर घाम होता आणि ओठांचा रंग उतरला होता.

तिने हात पुढे केला आणि चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"बंद कशाला केलीत?" केरबा डोळे न उघडताच म्हणाला. मग त्याच्या कपाळावर आठी आली. "थांबा. अजून येतंय. आता तर जास्त स्पष्ट येतंय."

"बोट थांबवू नका, काका," ती हळू आवाजात म्हणाली आणि त्याने कानाशी धरलेल्या हाताचं मनगट पकडलं.

टाकीवर त्याचं बोट जिथे जिथे चुकत होतं, तिथे तिथे तिच्या बोटांखाली त्याची नाडी चुकत होती.