मुरलेलं पाणी

दार त्याच्या नव्या बायकोने उघडलं. जुनी बायको झाकणाची बादली घेऊन आत आली, चपला काढल्या आणि थेट टाकीपाशी गेली.

टाकी लख्ख होती. काचेवर बोटाचा डाग नाही, खडे पांढरेशुभ्र, वर नवा दिवा. आत सातांपैकी चारच गोल्डफिश उरले होते, आणि तेही पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळत होते. सगळ्यांत मोठ्या माशाला ती आजोबा म्हणायची. त्याच्या अंगभर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठले होते. तिने काचेला बोट लावलं. आजोबा कलंडत, अडखळत बोटापाशी आले. तिला भरून आलं, आणि मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाणी कधी बदललं?"

"बुधवारी. सगळंच्या सगळं," तो सोफ्यावरून म्हणाला. "खडे, तो स्पंज, सगळं साबणाने घासून घेतलं. हिने."

"तुम्हीच सांगितलंत, घासून काढ म्हणून," नवी म्हणाली.

"साबण लाव म्हटलं होतं का मी?"

नवी गप्प बसली. ते गप्प बसणं जुनीच्या चांगल्याच ओळखीचं होतं. अकरा वर्षं तिनेही तेच केलं होतं.

घर सोडताना त्याने कपडे आणि ही टाकी नेली होती. मासे माझे, म्हणाला होता. टाकी आली त्या दिवसापासून नऊ वर्षांत त्याने बाहीवर एक थेंब उडू दिला नव्हता. पाहुणे आले की चिमूटभर खाणं टाकायचा आणि एकेका माशाची ओळख करून द्यायचा, तीही चुकीची.

"माझे मासे वाचतील ना?" त्याने विचारलं.

तिने बादलीचं झाकण काढलं. शुक्रवारी त्याचा फोन आला, त्याच संध्याकाळी तिने हे पाणी भरून खिडकीत उघडं ठेवलं होतं. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जायला, पाणी मुरायला, हात न लावता नुसतं ठेवलं तर दोन दिवस पुरतात. तिने चारही मासे टाकीतल्या पाण्यासकट पिशवीत घेतले, पिशवी बादलीत तरंगत ठेवली आणि घड्याळ बघितलं. दोन्ही पाण्यांची ऊब एक व्हायला पंधरा मिनिटं. एवढा वेळ तिला पुष्कळ होता.

"आजारी मासे वेगळे ठेवावे लागतात," ती म्हणाली. "मी घेऊन जाते."

"परत कधी आणशील?"

"टाकीतलं पाणी मुरलं की."

"ते कसं मुरवायचं?"

ती त्याच्याकडे वळली. इतक्या वर्षांत त्याने तिला काहीतरी शिकव म्हणून पहिल्यांदाच विचारलं होतं.

"रोज सकाळी सहाला उठायचं. तीन बादल्या काढायच्या, तीन भरायच्या. कमी नाही, जास्त नाही. आणि ते तूच करायचंस." अहो-जाहो तिने घटस्फोटाच्या कागदावर सही केली त्याच दिवशी सोडलं होतं. "हात बदलला की पाणी बिघडतं. बघितलंस ना, हिने हात लावला तर काय झालं."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. नवीने मान वर करून जुनीकडे पाहिलं.

"नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात. जोरात ओढायचं. पाणी ओठांशी आलं की टोक खाली बादलीत."

"तोंडाने?"

"मग कशाने? मी काय करत होते?"

दाबून पाणी ओढायचा रबरी पंप टाकीखालच्या कपाटात होता. तिनेच आणलेला. तिने त्या कपाटाला पाठ टेकली.

"रिकाम्या टाकीचं पाणी किती दिवस बदलायचं?"

"मुरेपर्यंत."

"मुरलं हे कळणार कसं?"

"मला कळतं. तू फोन करत जा, मी सांगेन."

त्याने मान हलवली आणि मोबाइलमध्ये सहाचा गजर लावला. आता बघत उभी आहेस तोवर एकदा करून दाखवतो, म्हणाला. त्याने बाह्या दुमडल्या. त्याचे कोपर किती गोरे आहेत, हे ती विसरूनच गेली होती.

पंधरा मिनिटं झाली. तिने पिशवीचं तोंड सोडलं. मासे बादलीत उतरले, तळाशी गेले, आणि हळूहळू त्यांचे कल्ले सावकाश हलू लागले. तिने झाकण लावलं. "तू कर तुझं, माझी रिक्षा थांबलीय," म्हणाली आणि निघाली.

नवी दारापर्यंत आली. तिच्या हातात माशांच्या खाण्याचा डबा होता.

"हा घेऊन जा, ताई. इथे आता कोण खाणार?"

जुनीने डबा घेतला. 

"टाकीखाली एक रबरी पंप आहे," नवी हळू आवाजात म्हणाली. "तो नळीलाच लावायचा असतो ना?"

जुनीने बादली या हातातून त्या हातात घेतली. खोटं बोलायचं होतं, पण हिच्याशी बोलवेना.

"हो."

आतून नळी ओढल्याचा आवाज आला. मग जोराचा ठसका, मग थुंकणं, मग पुन्हा ठसका.

नवीने मागे वळून पाहिलं नाही.

"मग मी तो माळ्यावर टाकते," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.