कोरा रकाना

नाशिकला समुपदेशक मॅडमसमोर भारतनं वही उघडली. डावीकडे मनातला संशय लिहायचा, उजवीकडे त्याचा पुरावा, असा गृहपाठ होता. शेजारी बसलेल्या नवसाबाईंनी लेकाचं अक्षर वाचलं: 'आई चहात काहीतरी कालवते.' उजवा रकाना कोराच होता. "चहा कडू लागतो, पण तो पुरावा नाही," भारत म्हणाला. "भासच असेल." सायखेड्याच्या घरून निघतानाही नवसाबाईंनी त्याची स्किझोफ्रेनियाची गोळी कुटून त्याच्या चहात टाकली होती. तो गोळी घेईना, म्हणून वर्षभर हेच चाललं होतं. सांगितलं, तर तो आपल्या हातचं पाणीही पिणार नाही. भारत ती ओळ खोडू लागला. नवसाबाईंनी त्याचं मनगट धरलं. "खोडू नको, बाळा. खरं हाय ते. गोळी मीच टाकते." भारतनं वही आईपुढे सरकवली. "पुरावा तूच लिही."