शेवटचा नमुना

वर्ना कोवाल्के पुन्हा खुर्चीवरून उठली, कॉफीच्या टेबलापर्यंत गेली आणि पेला न भरताच परत आली.

"बसा हो जरा," शेजारच्या घरात राहणारी मार्सी म्हणाली. तिच्या मांडीवर बाळ होतं. "तुमच्याकडे बघून मलाच दम लागतोय."

अग्निशमन केंद्रातले बंब बाहेर उभे करून आत खुर्च्या मांडल्या होत्या. सारं गाव जमलं होतं. टॅमरॅक क्रीकच्या वेशीवरचा विषारी कचऱ्याचा डेपो सरकारने केव्हाच साफ केला होता. सडकी पिंपं उपसून नेली, वर चिकणमातीचा जाड थर दाबला, गवत लावलं. आता देशातल्या सर्वांत घातक जागांच्या यादीतून गावाचं नाव तेवढं निघायचं होतं. ते अडलं होतं एका बोअरच्या पाण्यावर, आणि ती बोअर वर्नाची होती.

"जोएल तिकडे डुलुथला नव्या नोकरीवर, भाड्याच्या खोलीत. मी इकडे बाळाला घेऊन," मार्सी नवऱ्याबद्दल हळू आवाजात म्हणाली. "घर विकायला काढलंय, पण गावाचं नाव ऐकलं की गिऱ्हाईक फोन ठेवतं."

"आज होईल सगळं नीट."

"इतक्या खात्रीनं सांगताय?"

"वाटतं मला तसं."

"मलाही वाटतं," मार्सी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

वर्नाला नुसतं वाटत नव्हतं, तिला ठाऊक होतं. तिच्या बोअरमध्ये डेपोचं विष कधी उतरलंच नव्हतं. तिचा नवरा गस ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवायचा. तो गेल्यावर डाग काढायच्या द्रावणाचा अर्धा डबा तळघरात पडून राहिला. डेपोतही तेच द्रावण सापडलं होतं. पाण्याचे नमुने घ्यायला वसंतात आणि पानगळीत पर्यावरण खात्याचा डेल लिंडक्विस्ट यायचा. बूट दाराशी काढायचा, स्वयंपाकघरात बसून रूबार्बच्या आंबट देठांची तिने भाजलेली गोड पाई खायचा, गसच्या गोष्टी ऐकायचा. एकदा पाई खाता खाता तो म्हणाला, "पाणी स्वच्छ आहे, मिसेस कोवाल्के. आता मला यायचं कारण उरणार नाही."

पुढच्या खेपेला तो यायच्या आधी तिने बोअरचं झाकण काढून चमचाभर द्रावण आत ओतलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही ओतलं. तिला स्वतःला त्याची झळ नव्हती, तिला प्यायचं पाणी सरकार कॅनमधून पुरवत होतं.

पण मार्सीचं बाळ जन्मलं, जोएल दूर गेला, आणि वर्नाला झोप लागेना. या पानगळीत तिने डब्याला हात लावला नाही. डेल आला, त्याने बाटल्या भरून गाडीत मागच्या बाजूला ठेवल्या आणि पाई खायला आत आला. वर्नाने त्याला दोनदा वाढलं. हे शेवटचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

खात्याच्या बाई माइकपाशी आल्या. शेजारी डेल कागद घेऊन उभा राहिला. त्याने घसा खाकरला.

"कोवाल्के यांच्या बोअरचा शेवटचा नमुना," तो म्हणाला, "नापास झाला आहे. या वेळी प्रमाण आधीपेक्षाही जास्त आहे."

दालनात उसासे उठले. हार्डवेअरवाला ओव्ह बर्गस्ट्रॉम मागून म्हणाला, "वर्ना, तुझी बोअर आहे की म्हातारं खेचर? जागची हलेल तर शपथ."

काही जण हसले. मार्सी हसली नाही. वर्ना कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"बोअर चांगली आहे," ती म्हणाली. "मीच त्यात गसचं द्रावण टाकत होते."

मग तिने सगळं सांगितलं. डेलकडे न बघता सांगितलं. "पण या वेळी टाकलं नाही. देवाशपथ नाही."

"आधीचं तळाशी राहिलं असेल," ओव्ह म्हणाला. या खेपेला त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

खात्याच्या बाई डेलशी कुजबुजल्या. मग त्या माइकवर म्हणाल्या, "या बाईंवर काय कारवाई करायची ते नंतर बघू. पण हे द्रावण डेपोतलं नसेल, तर नाव काढायला माझी हरकत उरत नाही. मी तशी शिफारस करते."

टाळ्या वाजल्या. लोक उठून एकमेकांना मिठ्या मारू लागले. कुणी ओरडून जोएलला फोन लावायला सांगितलं. गर्दीतून वाट काढत डेल वर्नापाशी आला.

"पाईसाठी एवढं?" तो म्हणाला.

"पाईसाठी नाही रे. दार वाजवणारं कुणीतरी हवं असतं."

"नुसतं बोलावलं असतंत, तरी आलो असतो."

तो तिच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेला. वर्ना खुर्चीत टेकली. कित्येक दिवसांनी तिच्या छातीवरचा दगड उतरला होता. ती मार्सीकडे वळली.

"झालं ना तुझं काम, पोरी? आता वीक ते घर आणि जा नवऱ्याकडे."

मार्सी टाळ्या वाजवत नव्हती. बाळ डोळे मिटून बाटलीतलं, नळाच्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध पीत होतं. तिने बाटली हळूच त्याच्या तोंडातून काढून घेतली आणि उजेडासमोर धरली. बाळ रडू लागलं, तरी तिने ती परत दिली नाही.

"वर्ना," ती म्हणाली, "त्या दिवशी डेल तुमच्याकडे पाई खात होता ना, तेव्हा नमुना पास व्हावा म्हणून मी त्याच्या गाडीतल्या बाटल्या ओतून टाकल्या आणि आमच्या नळाचं पाणी भरून ठेवलं."