मे महिन्यातले उत्तर

पेटंट वकिलीच्या परीक्षेत उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही. ते त्याआधी जगात कुणीही लिहिलेले नसावे लागते. तपासणारे यंत्र त्यात कुणाची गय करत नाही. शलाका बेंद्रेला सातव्या प्रश्नात शून्य मिळाले आणि तेवढ्यानेच ती शेवटच्या संधीतही नापास झाली.

"माझ्याआधी लिहिलंय कुणी?" तिने चौकशीच्या खिडकीवर विचारले.

कारकुनाने पडद्यावर पाहिले. "शलाका बेंद्रे. मे महिना, मोडक क्लासची सराव परीक्षा."

"अहो, ती मीच!"

"असाल. पण क्लासनं ते छापलंय, बाई."

ती तडक क्लासमध्ये शिरली. मोडक सर चाळीस जणांना सराव परीक्षेचे कागद वाटत होते.

"सर, माझं उत्तर छापलंत का?"

"अगं, आदर्श उत्तर म्हणून जाहिरातीत घातलं. कौतुकच केलं की! आणि अर्ज करण्याआधी आपला शोध कुणाला दाखवायचा नाही, हे मी पहिल्याच तासाला शिकवलं होतं."

"तुम्हालाही नाही?"

"मला तर मुळीच नाही," सर सवयीने बोलून गेले.

वर्गात चाळीस पेनांना टोपणे लागली.