टाकीतला अंधार

सकाळी पाणी आल्याचा आवाज झाला की दामोदरपंत गच्चीवर जात, टाकीचं झाकण उचलून आत बघत आणि खाली ओरडत, "शालू, पाणी आलं गं!" पत्नी शालिनीबाईंना जाऊन वर्ष झालं, तरी हाक सुटली नव्हती.

आज वेधशाळेची नीरजा पाना घेऊन वर आली. गावातल्या प्रत्येक टाकीत वेधशाळेचं यंत्र होतं. अवकाशातून गॅमा किरण आला की हवेतून कणांची सर कोसळे, ते कण टाकीतल्या पाण्यातून जाताना काळोखात क्षणभर निळसर चमक उमटे आणि यंत्र ती टिपे. अख्खं गावच दुर्बीण झालं होतं.

"काका, यंत्र काढून नेते. तुम्ही रोज झाकण उघडता, उजेड शिरतो. सगळी मोजणी वाया!"

"एका टाकीनं काय बिघडतं?"

"तुमची टाकी सगळ्यांत उंचावर आहे, तिच्यातच सगळ्यांत जास्त कण पोचतात." तिने मोबाइलवर या मोजणीतून काढलेला आकाशाचा नकाशा दाखवला. आकाशगंगेच्या मध्यातून वर आलेला गॅमा किरणांचा अजस्र फुगा, आणि त्याची कड पुसट. "ही तुम्ही पुसलीत."

पंतांना हसू आलं. "आम्ही? मग कडेच्या पलीकडे काय आहे?"

"कुणालाच ठाऊक नाही. फुगा तिथं संपतो की पुढे जातो, तेच तर शोधतोय."

झाकण न उघडता शालूला हाक कशी मारायची, हे पंतांना कळेना. पण ती कड डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्यांनी खालून कुलूप आणून झाकणाला घातलं आणि किल्ली नीरजाला दिली.

"यंत्र राहू दे. पलीकडचं कळलं की सांगायला ये. तोवर मी आहे."