पडद्याची मागची बाजू

मिहिरने घडीच्या लाकडी पडद्यावर पितळी खिळ्यांनी ब्रेलचे ठिपके ठोकून घेतले होते. "बाबांनी तुझ्यासाठी टोचलेला, त्यांच्या टेबलावरचा शेवटचा कागद यावर उतरवलाय, आई. वाच."

अंध शैलजाबाईंनी बोटं फिरवली. ठिपके लागत होते, पण अर्थ लागेना. ब्रेल एका बाजूने टोचतात, दुसऱ्या बाजूने वाचतात. सुताराने टोचलेलीच बाजू उतरवली होती, त्यामुळे अक्षरं उलटी झाली होती.

वर्षापूर्वी भांडण झालं आणि नवरा एक शब्द न बोलता बाहेर पडला, तो रस्त्यातच वारला. त्यानंतर त्यांना ना रडू आलं, ना त्या टेबलाला हात लावावासा वाटला.

शैलजाबाई पडद्यामागे गेल्या. खिळ्यांची टोकं आरपार आली होती. त्यांनी वाचलं, 'रागावू नकोस. लोणच्याची लिंबं घेऊन येतो.'

"आई, बोटातून रक्त येतंय!"

"येऊ दे. ही बाजू माझ्या पलंगाकडे कर."