सतरा पाचे

कोण कसा विचार करतं, ते बाईंनी वर्गात एकेकाला विचारलं. ओजस ऐटीत म्हणाला, "मला सगळं चालीवर आठवतं. मध्ये कुणी बोललं की मात्र संपलं!"

कौमुदीने ते मनात पक्कं ठेवलं. तिला उत्तरं चित्रांतून सुचायची. "गणितात कसली गं चित्रं काढतेस?" म्हणत याच ओजसने तिच्या वहीचं पान टराटरा फाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओजस सतराचा पाढा म्हणायला उभा राहिला. मागच्या बाकावरून कौमुदी हळूच तेराचा पुटपुटू लागली.

"सतरा पाचे... पासष्ट!"

वर्ग खो खो हसला. ओजसचा आ वासलेला तो वासलेलाच. कौमुदीने तो हुबेहूब वहीत उतरवला आणि मधल्या सुट्टीत त्याच्या नाकासमोर धरला.

"घे. आता हेही फाड."